किती वाजताची सावली?

“ही सावली किती वाजताची?”

मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा नमस्काराच्याही आधी त्यांनी हे विचारलं. अंगणात कडुनिंबाखाली मी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. त्या बसल्या नाहीत. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा उजवा हात पालथा करून त्यांनी आधी भिंतीला लावला, मग फरशीला, मग खुर्चीच्या पाठीला. सावली ही सावली असते, एवढंच मला ठाऊक होतं.

“दहाची आहे,” त्या स्वतःच म्हणाल्या. “बारा वाजता इथं ऊन येते. खुर्ची तिकडं घ्या, टाकीच्या मागं. ती तीनपर्यंतची आहे.”

खुर्ची हलवली. त्या तीनपर्यंत बसल्या. आमची ही आतून मला खुणा करत होती, की पाहुण्यांना जेवणाचं विचारायचं की चहाचं, ते एकदा ठरवा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हयातभर एका गोष्टीकडे बघतात आणि मग जगाकडेही त्याच नजरेने बघू लागतात. मॅडम यवतमाळच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक नागपूरला. आमच्या शेजारचं घर त्यांनी घेतलं ते त्याची मागची भिंत उत्तरेकडे आहे म्हणून. दलालाने स्वयंपाकघराच्या टाइल्स दाखवल्या तेव्हा या मागच्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या.

मी सरकारी कार्यालयात पावसाच्या आकड्यांचं काम करतो. तालुक्या-तालुक्यातून पर्जन्यमापकाचे आकडे येतात. मी ते तपासतो, शंका आली तर परत पाठवतो, सरासरी काढतो आणि वर कळवतो. हे ऐकल्यावर मॅडमचे डोळे चमकले.

“म्हणजे तो खोटा पाऊस तुम्ही पाडता होय!”

“खोटा नाही मॅडम, सरासरी आहे.”

“दारव्ह्याच्या त्या सरासरीत माझी टेकडी कुठं आहे, सांगा! तालुक्याच्या गावी पाऊस पडते आणि माझ्या टेकडीवर धूळ उडते. तुमच्या कागदावर मात्र ती ओली!”

त्या दिवसापासून मी ‘आकडेवाले’ झालो. कॉलनीत दुसऱ्या टोकाला उभ्या असल्या तरी तिथून हाक यायची, “ओ आकडेवाले!” भाजीवाल्यालाही माझं खरं नाव त्यानंतर आठवेनासं झालं.

ती टेकडी दारव्हा रस्त्यावर आहे. एका रविवारी सकाळी त्यांनी मला तिथे नेलं. नेलं म्हणजे, माझ्याच स्कूटरवर मागे बसून मला दिशा दिल्या. आपल्याकडच्या इतर टेकड्यांसारखीच ती आहे: काळा दगड, कुसळी गवत, मधूनमधून हिवराची काटेरी झुडपं. दुरून पाहिलं तर थांबावंसं वाटणार नाही. माथ्यावर पोचल्यावर मॅडम एका हिवराशी वाकल्या आणि एकदम दबक्या आवाजात म्हणाल्या, “हळू. तिचं काम सुरू आहे.”

काट्यांमधून एक बारीक वेल वर गेली होती. तिला करंगळीएवढी फुलं. खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना जुळलेल्या. जुना कंदील आठवा: काच, आणि वर धरायची कडी. हुबेहूब. म्हणूनच नाव कंदीलपुष्प. ही त्यातली दुर्मिळ जात, आणि मॅडमच्या माहितीत आपल्या भागात एवढ्या एकाच टेकडीवर उरलेली.

“वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत शिरते,” त्या सांगू लागल्या. सांगताना हाताची बोटं नळीसारखी झाली. “नळीत केस आहेत, सगळे आतल्या बाजूला वळलेले. आत जाता येते, बाहेर येता येत नाही. माशी बसली अडकून! मग फुलाचं काम झालं की केस वाळतात, फूल मान खाली टाकते, दार उघडते. माशी परागांची पिशवी घेऊन बाहेर येते. आणि काय करते माहीत आहे?”

“पळून जात असेल.”

“दुसऱ्या फुलात शिरते!” त्या एवढ्या जोरात हसल्या की गवतातून टिटवी उडाली. “माशीला अक्कल असती ना आकडेवाले, तर ही जात कधीच संपली असती.”

मग त्यांनी टेकडीच्या उताराकडे हात केला. त्या नोकरीला लागल्या तेव्हा वेल पायथ्याशीच सापडायची, विद्यार्थ्यांना चढायचीही गरज नसे. पुढे पायथा दगडाच्या खदानीत गेला. मग ती मधल्या उतारावर राहिली. आता उन्हाळे तापू लागले. पाऊस पडला तरी मध्ये लांब दडी मारतो, आणि फुटलेली वेल कळी धरण्याआधीच वाळते. शेवटी माथ्यावरच्या मोठ्या दगडांच्या आडोशाला तेवढी ती उरली.

पावसाच्या दडीचं मला पटलं. माझ्या कागदांवर वर्षाची बेरीज बऱ्यापैकी जुळते, पण पाऊस पडतो कसा हे बेरजेत दिसत नाही.

“हिमालयातल्या झाडाला वर सरकायला जागा आहे,” मॅडम म्हणाल्या. “आपली टेकडी केवढी! वर काय आहे, बघा.”

मी पाहिलं. वर आभाळ होतं.

वेल घरी आणून का लावत नाही, असं मी विचारलं. कोणीही विचारेल. त्याची गंमत आमच्या सगळ्या कॉलनीला माहीत होती. आदल्या वर्षी त्यांनी मूठभर बियांतून कुंडीत रोपं केली होती. या वेलीला जमिनीत कंद असतो. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळतं आणि कंद मातीत झोपतो. उन्हाळ्यात त्याला थेंबभरही पाणी नको. पण एप्रिलच्या यवतमाळात कोरडी कुंडी बघून कोणाला राहवेल? समोरच्या काकूंनी तांब्याभर घातलं. पेपरवाल्याने बाटलीतलं उरलेलं ओतलं. आमच्या हिने कूलरमध्ये पाणी भरताना पाइप तिकडेही फिरवला. मॅडमनी पाटी लावली, ‘कृपया पाणी घालू नये’. त्यावर काकूंचा निष्कर्ष, “एकटीच राहते बिचारी, पाण्याचा खर्च परवडत नसेल,” आणि त्यांनी दुप्पट घातलं. कंद कुजले. मॅडमनी सगळ्या बायकांना बोलावून विचारलं, “झोपलेल्या माणसाच्या तोंडात तुम्ही पाणी ओतता का हो?” आणि मग सगळ्यांना चहा पाजला.

“कुंडीत जगून उपयोगही नाही,” त्या मला म्हणाल्या. “तिची माशी कुंडीवर येत नाही. तिला तिचं घर पाहिजे.”

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने नकाशा पाठवला. तो कुठल्याशा विद्यापीठात याच विषयावर काम करतो. तापमान, पाऊस, माती असं सगळं संगणकात घालून, पुढच्या काळात ही वेल कुठे जगू शकेल हे त्याने रंगांनी दाखवलं होतं. आजच्या नकाशात थोडा हिरवा होता. पुढच्या नकाशात आपल्या बाजूला सगळा लाल. मॅडमनी तो कागद माझ्या टेबलावर आणून पालथा ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या दिवशी सावली विचारली नाही.

मी कागद सुलटा केला. सवयीने आधी खालची बारीक अक्षरं वाचली.

“मॅडम, यातला एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा आहे.”

“मग?”

“म्हणजे तुमची टेकडी, खालचं कपाशीचं शेत, खदान आणि डांबरी रस्ता, या सगळ्यांना मिळून एकच तापमान दिलंय. सरासरी आहे ही.”

त्यांनी कागद ओढून ती अक्षरं स्वतः वाचली. मग टेबलावर थाप मारली. चहा सांडला.

“म्हणजे तुम्ही यातही घुसले!”

“मॅडम, ऐका. नकाशा चुकीचा नाही. ऊन वाढतंय हे खरं आहे. चौकोनाच्या आत एखादा गार कोपरा असू शकतो, एवढंच मी म्हणतो. असेलच असं नाही.”

“असू शकते ना? बस! उद्या किती वाजता निघायचं?”

भर उन्हाळ्यात आम्ही गार कोपरा शोधायला निघालो. हे घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, “गार कोपरा पाहिजे तर घरात कूलर आहे.” मी दोन थर्मामीटर घेतले. दोन्ही सारखं दाखवतात की नाही, हे बादलीत बुडवून आधी तपासलं. मॅडमचं साधन म्हणजे पालथा हात. तो त्यांनी कधी तपासला नव्हता. शोध मात्र जोरात चालला. घळीत गेलो, ओढ्याच्या काठाला गेलो, दगडांच्या फटी पाहिल्या. “ही अकराची!” “ही साडेबाराची, उपयोग नाही!” असं त्या ओरडायच्या आणि मी पाऱ्याकडे बघून मान हलवायचो. फक्त खदानीकडे त्या फिरकल्या नाहीत. तरुणपणी याच खदानीच्या ट्रकपुढे त्या उभ्या राहिल्या होत्या. खदान आता कधीची बंद पडली आहे, पण राग चालू होता.

“तिथंही मोजू,” मी म्हणालो.

“त्या खड्ड्यात मी पाय ठेवणार नाही. खदानीनं माझा पायथा खाल्ला.”

खदानीला लागून ज्यांचं शेत आहे ते भाऊ आमच्याकडे रोज बघत असायचे. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“मॅडम, प्लाट पाहून राह्यले काय? इथं बोरले पानी लागत नाही, आधीच सांगतो.”

“प्लॉटच पाहतो आहे. उत्तरेकडे तोंड असलेला पाहिजे.”

“कोनासाठी?”

“एका वेलीसाठी.”

भाऊंनी मला बाजूला घेतलं. “साहेब, यांच्या घरी मोठं मानूस कोनी नाही काय?”

मी हसू दाबलं. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, “भाऊ, तुमचे बैल दिसत नाहीत ते? गोठा तर रिकामा आहे.”

“दुपारचे खड्ड्यात बांधतो ना. गोठ्याचे टिन तापते. बैलाले दुसरं काई समजो का नोको, गारवा बरोबर समजते.”

मॅडम थांबल्या. खदानीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, दुखऱ्या गुडघ्यांनी, एक-एक पायरीएवढा दगड उतरत त्या खड्ड्यात गेल्या.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे नुसती उत्तरेकडे तोंड केलेली भिंत पुरत नाही. पण इथे दगडाचा वरचा थर छपरासारखा पुढे आला होता आणि खालचा आत खोदला गेला होता. बुडाशी दगड ओलसर होता. दोन बैल रवंथ करत बसले होते. मॅडमनी एका बैलाच्या डोक्यावरून हात नेऊन भिंतीला पालथा टेकवला. टेकवला तो काढलाच नाही.

“ही सावली किती वाजताची?” त्यांनी विचारलं.

“किती वाजताची म्हंजे?” भाऊ म्हणाले. “सकाळी थोडं तिरपं ऊन येते. मंग दिवसभर सावलीच हाय.”

मी एक थर्मामीटर खाली ठेवला, दुसरा माथ्यावर नेला. फरक इतका आला की मी थर्मामीटरांची अदलाबदल करून पुन्हा मोजलं. तेवढाच आला.

ज्या खदानीने वेलीचा पायथा खाल्ला, तिच्याच पोटात वेलीजोगी जागा तयार झाली होती. परत आल्यावर घराशी स्कूटरवरून उतरत मॅडम म्हणाल्या, “तीस वर्षं मी त्या खड्ड्याला शिव्या दिल्या. आता माफी मागू काय त्याची?” आणि लगेच, “नाही मागत. पण वापरीन!”

त्यांच्याकडे आगपेटीत थोड्या बिया उरल्या होत्या. चपट्या, टोकाला रेशमासारखा झुबका. पाऊस स्थिरावला, भाऊंचं सोयाबीन हातभर वर आलं, तेव्हा आम्ही पेरायला गेलो. बैल शेतात कामाला होते, खड्डा मोकळा होता. मॅडम चष्मा सावरत कुठल्या फटीत बी ठेवायचं ते ठरवत होत्या. मी कडेच्या हिवराला टेकणार होतो, काटा लागला म्हणून मागे झालो, आणि मला झुडपात एक बारीक वेल दिसली. पानं जाडसर.

“मॅडम, हे काय आहे?”

त्या वळल्या. वाकल्या. पान दोन बोटांत धरलं. आणि चिखलात सरळ खाली बसल्या.

“अगं आगाऊ!” त्या वेलीला म्हणाल्या. “आमच्या आधी येऊन बसली!”

माथ्यावरून कधीतरी शेंग फुटली असेल, झुबक्यावर बसून बी खाली उतरलं असेल. सगळे वर जागा शोधत होते, आणि ते खाली आलं होतं. मॅडम हसत होत्या, चष्म्यावर वाफ धरली होती, साडीला चिखल. मीही हसत होतो. का, ते सांगता येणार नाही, पण कुठल्याही बेरजेने मला एवढा आनंद दिलेला नाही. भाऊ धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोललोच. “एक वेल म्हणजे वस्ती नव्हे, मॅडम.”

“माहीत आहे हो. इथं तिला फूल यायला पाहिजे. माशी यायला पाहिजे. तेव्हा म्हणायचं घर झालं.” त्यांनी आगपेटी बंद केली. “हे राहू द्या आता. जागा तिनं निवडली, पुढचंही तिलाच करू द्या.”

भाऊंचा चेहरा मात्र उतरला होता. “पन मी हा खड्डा बुजवून शेतात घेतो म्हनून राह्यलो. मलबा सांगून ठेवला गावातला. एका वेलापायी खड्डा ठिवू काय?”

“आणि बैल?” मॅडमनी विचारलं. “उन्हाळ्यात बैल कुठं बांधाल? माझ्या घरी?”

भाऊंनी डोकं खाजवलं.

“उन्हाळ्यात वेल जमिनीत झोपते, तेव्हा खड्डा तुमच्या बैलांचा,” मॅडम म्हणाल्या. “पावसाळ्यात बैल शेतात, तेव्हा खड्डा हिचा. भांडण कुठं आहे?”

“बापा! कॉलेजात हेच शिकवत होत्या काय?” भाऊ म्हणाले. पण मलबा आला नाही.

त्या वर्षी पावसाने लांब दडी मारली. माथ्यावरच्या वेली पिवळ्या पडल्या. खदानीतली हिरवी राहिली, पण ती अजून लहान होती. कळी धरली नाही. दिवाळीनंतर गुडघ्यांमुळे मॅडम लेकीकडे नागपूरला गेल्या. तिथून फोन यायचा. “आकडेवाले, झोपली का ती?” मी सांगायचो, झोपली. “कोणी पाणी घालत नाही ना?” नाही. “काकूंना तिकडं जाऊ देऊ नका!”

मे महिन्यात त्या गेल्या. आजार लहानसाच होता, पण वय झालं होतं. त्यांची लेक सांगत होती, दवाखान्यात दोनदा पलंग हलवायला लावला. खोलीला एसी होता तरी नर्सला विचारलं, “खिडकीतली ही सावली किती वाजताची?” नर्सने घड्याळ बघून वेळ सांगितली.

यंदा गणपती बसायच्या आधी सकाळीच भाऊंचा फोन आला.

“साहेब, तुमच्या मॅडमच्या प्लाटवर कंदील लागले.”

मी रजा टाकली. रजेच्या कारणात काय लिहावं याचा विचार केला आणि ‘घरगुती’ लिहिलं. स्कूटर शेताच्या धुऱ्याशी, बांधाला लावून खड्ड्यात उतरलो. हिवराच्या काट्यांत तीन-चार कंदील उभे होते. भाऊंनी आपणच ते लावल्यासारखं दाखवलं आणि कामाला निघून गेले. एका फुलातून सकाळचं तिरपं ऊन आरपार येत होतं. नळीच्या फुगीर भागात एक काळा ठिपका हलत होता.

माशी आली होती.

मी दगडावर बसलो. बसण्याआधी त्याला पालथा हात लावला, हे बसल्यावर लक्षात आलं. थर्मामीटरनेही मोजलं, गार होता. फूल अजून ताठ होतं, दार बंद होतं. सकाळचं ऊन निघून गेलं, मी तिथेच सावलीत बसून राहिलो. डबा खाल्ला. पुस्तक आणलं होतं, ते उघडलं नाही. माशीला कधी सोडायचं हे फुलाच्या मनावर होतं. संध्याकाळी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. रजा वाढवली.

दुसऱ्या दिवशी त्या फुलाने मान खाली टाकली होती. थोड्या वेळाने नळीच्या तोंडाशी माशी आली. काठावर बसली. पाय चोळले, पंख झटकले. इवलीशी माशी, पण इतकी दमलेली मी माशी पाहिली नव्हती. आता ही उडणार, परत या झुडपाकडे बघणारसुद्धा नाही, असं मला वाटलं.

ती उडाली. शेजारच्या कंदिलाभोवती एक घिरटी घातली. आणि सरळ आत शिरली.

मी मोठ्याने हसलो. “मॅडम, बघा हिची अक्कल!” असं म्हणत उजवीकडे वळलो.

तिथे सावली होती. दिवसभराची.